लॉरा टीएसआयमध्ये ॲल्युमिनियमचा इनटेक मॅनिफोल्ड: वस्तूला तीन तारे, बसवणाऱ्या हाताला पाच

खोकं उघडल्यावर मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनाच्या सिलिंडरांत हवा वाटून देणारा नळ्यांचा ओतीव भाग, थेट गॅरेजला नेला नाही. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या डब्याबरोबर पिशवीत घालून भोसरीला कारखान्यात नेला. मी २१ वर्षं ॲल्युमिनियम कास्टिंगच्या तपासणी विभागात आहे. पंपाच्या बॉड्या, कंप्रेसरची झाकणं, गिअरबॉक्सची घरं रोज माझ्या टेबलावरून जातात. बाहेरून लखलखीत दिसणारं कास्टिंग आतून काय निघू शकतं ते मी रोज बघते, आणि हे तर माझ्याच इंजिनावर बसणार होतं. साहेबांना विचारलं. दुपारच्या सुट्टीत सरफेस प्लेट (अगदी सपाट घासलेला पाट) मोकळी होती, तिच्यावर फ्लँज, म्हणजे इंजिनाला टेकणारी सपाट कड, पालथा ठेवला आणि फट मोजायच्या फीलर गेजचं पान खालून सरकवलं. दोन्ही टोकांना ०.०५ मिलिमीटरचं पान अडलं. मधोमध ०.१५ चं पान न अडता आत गेलं, म्हणजे फ्लँज मध्ये बाकलेला होता.

खरं तर इथेच थांबून ‘घेऊ नका’ असं लिहिता आलं असतं. पण त्यानंतर त्या वस्तूवर जे काम झालं आणि आज गाडी जशी चालते, ते सांगितल्याशिवाय हा रिव्ह्यू अर्धवट राहील.

गाडी स्कोडा लॉरा, १.८ टीएसआय, २०११ ची, एमएच १४ पासिंग. बाबांनी निवृत्तीनंतर घेतलेली, आता मी चालवते. १७९८ सीसीचं टर्बो पेट्रोल इंजिन, १६० पीएस, २५० न्यूटन-मीटर, आणि तेही मिनिटाला १५०० फेऱ्यांपासून. कात्रजच्या जुन्या घाटात तिसऱ्या गिअरवर ही गाडी जशी चढते, तशी आजच्या कितीतरी नव्या गाड्या चढत नाहीत. १ लाख १८ हजार किलोमीटर झालेत. टायमिंग चेन आणि ती ताणून धरणारा टेन्शनर ९० हजार किलोमीटरला बदललाय, कारण या जातीच्या इंजिनात टेन्शनरकडे दुर्लक्ष करून चालत नाही.

दोन वर्षांपूर्वी इंजिनचा दिवा लागायला लागला. बिघाडाचा कोड पी२०१५. हा कोड इनटेक मॅनिफोल्डमधल्या फ्लॅपचा, म्हणजे छोट्या झडपेचा. मॅनिफोल्डच्या चारही नळ्यांमध्ये एकेक फ्लॅप असतो, चारही एकाच दांड्यावर. इंजिन थंड असताना आणि कमी फेऱ्यांवर हे फ्लॅप नळीचा काही भाग झाकतात. हवा उरलेल्या फटीतून जोरात आत शिरते, सिलिंडरमध्ये घुसळली जाते, आणि थेट आत फवारलेलं पेट्रोल तिच्यात नीट मिसळतं. हुशार रचना आहे. पण तेरा वर्षं ऑइलची वाफ आणि काजळी त्या दांड्यावर बसली की तो जड होतो, त्याला जोडलेला सांधा झिजतो, आणि फ्लॅप नक्की कुठे आहे हे सेन्सरला सांगता येत नाही. वयाचा आजार आहे. मूळ प्लॅस्टिकच्या भागानं आमची चाकरी पुरेपूर केली, त्याला मी दोष देणार नाही. मी आधी सगळे करतात तोच उपाय केला: दांड्याची चाल आवरणारी धातूची पट्टी लावली. वर्षभर दिवा गेला. मग सकाळी थंड इंजिनाला मिसफायर (एखाद्या सिलिंडरात पेट्रोल नीट न पेटणं) यायला लागला, दिवाही परत आला.

आता दोन वाटा होत्या. तसाच नवा प्लॅस्टिकचा मॅनिफोल्ड घ्यायचा, किंवा फ्लॅप नसलेला ॲल्युमिनियमचा, बाहेरून मागवलेला. मी दुसरी वाट धरली. विक्रेत्याचं नाव इथे देत नाही. त्याच्याबद्दलची तक्रार मी त्यालाच लेखी कळवली आहे.

विक्रेत्याच्या जाहिरातीत २५ ते ३० अश्वशक्ती वाढेल असं लिहिलेलं होतं. याबद्दल सुरुवातीलाच स्पष्ट बोलते, कारण बहुतेक जण याच वाक्यासाठी पैसे मोजतात. कंपनीचाच टर्बो (इंजिनात दाबानं हवा भरणारा पंखा) असेल तर असं काही होत नाही. लॉराच्या १.८ ला बोर्गवॉर्नरचा के०३ टर्बो आहे. लहान आहे, लवकर जागा होतो, म्हणूनच खालच्या फेऱ्यांवर एवढी ओढ मिळते. पण वर, ५५०० च्या पुढे, त्याचाच दम संपतो. मॅनिफोल्डच्या नळ्या आखूड आणि रुंद केल्या की फायदा वरच्या फेऱ्यांवर होतो, आणि तिथे हवा पुरवणाराच दमलेला असतो. रस्ता चार पदरी केला आणि टोलनाक्यावर एकच खिडकी उघडी ठेवली, तसं ते. मोठा टर्बो लावणाऱ्याला या मॅनिफोल्डचा उपयोग आहे. माझ्यासारखीला उपयोग दुसराच: फ्लॅप नाही, दांडा नाही, झिजणारा सांधा नाही, आणि हवेची चारही सिलिंडरांत समान वाटणी. ही वाटणी टर्बो गाडीत फार महत्त्वाची. दाबाखाली एका सिलिंडरला हवा जास्त आणि पेट्रोल सगळ्यांना सारखंच मिळालं, तर तो एक सिलिंडर कोरडा चालतो, तापतो आणि नॉक करतो, म्हणजे पेट्रोल अवेळी पेटून ठोके देतो. इतर तीन ठणठणीत असले तरी इंजिन त्या एकामुळे जातं.

रचना म्हणून मॅनिफोल्ड चांगला आहे. पोटाची डबी प्रशस्त, थ्रॉटल बॉडीकडून (हवा आत सोडणाऱ्या मुख्य झडपेकडून) लांबच्या टोकाकडे थोडी निमुळती होत जाणारी. प्रत्येक नळीचं तोंड आत कर्ण्यासारखं फुलवलेलं, म्हणजे हवा धारदार कडेवर आपटत नाही. ज्यानं डिझाइन केलं त्याला हवेची चाल कळते. भिंतीची जाडी मी सात ठिकाणी मोजली, ४.१ ते ४.६ मिलिमीटर. म्हणजे आतली पोकळी धरणारा वाळूचा कोअर साच्यात सरकलेला नाही. इथपर्यंत मी खूश होते.

मग कारखान्यातला बोरस्कोप, म्हणजे बारीक नळीचा कॅमेरा, आत घातला.

नळी क्रमांक ३ च्या वळणात, जिथे बोट पोहोचत नाही, तिथे वाळू होती. कोअरची वाळू, राळेनं जळून काळपट झालेली, भिंतीला चिकटलेली. पोकळ कास्टिंग ओतताना आतला पोकळ भाग वाळूच्या कोअरनं धरलेला असतो. धातू थिजला की तो कोअर फोडून, हलवून, हवेनं बाहेर काढायचा असतो. हे काम कंटाळवाणं आणि दिसत नसलेलं, म्हणून तिथेच कमी पडतं. मी तारेच्या टोकानं खरवडायचा प्रयत्न केला तर कण सुटले. ते कण गाडीत सुटले असते तर थेट सिलिंडरमध्ये गेले असते. वाळू म्हणजे क्वार्ट्झ. सिलिंडरच्या भिंतीवर आणि पिस्टन रिंगांवर तिनं काय केलं असतं, ते सांगायला इंजिन उघडावं लागलं असतं. मला त्या दुपारी डबा गेला नाही. एवढ्या सुंदर नळ्या ओतणाऱ्या माणसांनी शेवटचा अर्धा तास वाचवला, याचं मला अजून वाईट वाटतं. मी विक्रेत्याला फोटो पाठवले. उत्तर म्हणून पुढच्या खरेदीवर १० टक्के सवलतीचं कूपन आलं.

परत पाठवायचा तर वाहतूक आणि आयात शुल्क दोन्ही बुडत होते. म्हणून ठरवलं, हे कास्टिंग आपणच पूर्ण करायचं.

तीन आठवडे लागले, कारण सगळं सुट्टीच्या दिवशी. आमची सुट्टी गुरुवारी. वाळू काढायला आधी रॉकेलमध्ये रात्रभर बुडवून ठेवला, मग लांब दांड्याच्या नायलॉन ब्रशनं घासला, मग दाबाची हवा, मग ओळखीच्या एका जॉबवर्कवाल्याच्या अल्ट्रासॉनिक टाकीत दोनदा. शेवटी पांढरं फडकं तारेला बांधून प्रत्येक नळीतून ओढलं. चौथ्या वेळी फडकं पांढरंच बाहेर आलं. मग सगळी तोंडं बंद करून पाण्यात बुडवला आणि आत २ बार हवा भरली. थ्रॉटल बॉडीच्या फ्लँजजवळ दोन ठिकाणी बारीक बुडबुड्यांची माळ वर आली. पिन होल. असं कास्टिंग लगेच भंगारात टाकायचं नसतं. निर्वातात सीलंट शोषवून ती छिद्रं कायमची बुजवता येतात, इंप्रेग्नेशन म्हणतात त्याला, आणि भोसरी-चाकण भागात ते करून देणारे आहेत. १,२०० रुपयांत काम झालं. पुन्हा पाण्यात घातला, बुडबुडा नाही. शेवटी फ्लँज मिलिंगला, म्हणजे यंत्रावर तासून सपाट करायला, दिला. ०.२० मिलिमीटर काढल्यावर मधला बाक गेला आणि ०.०५ चं पान कुठेच शिरेना.

एवढं सविस्तर यासाठी लिहिलं की प्रत्येकाला कारखाना हाताशी नसतो. पण फडकं ओढणं, सपाट काचेवर ठेवून फट बघणं आणि पाण्यात बुडवून हवा भरणं, एवढं घरीही होतं. मोबाईलला जोडायचा बोरस्कोप हजार-दीड हजारात मिळतो. हे न करता कुठलाही ओतीव मॅनिफोल्ड इंजिनावर चढवू नका. ब्रँड कितीही मोठा असो.

आता गॅरेज. धायरी-नऱ्हे पट्ट्यात, मुख्य रस्त्यावरून आत, पत्र्याच्या शेडचं. मालकांनी नाव न लिहायची विनंती केली आहे, कारण ते आणि दोन पोरं मिळून एका वेळी तीनच गाड्या घेतात आणि फोन उचलायला माणूस नाही. मी त्यांना दादा म्हणते. वय पन्नाशीच्या पुढे, आयुष्य फोक्सवॅगन-स्कोडाच्या इंजिनांत गेलेलं. त्यांच्याकडे मी चेनच्या कामापासून जाते. चिंचवडहून धायरी म्हणजे वाकड, चांदणी चौक, वारजे, नवले पूल असं सगळं पुणं ओलांडायचं, तरी जाते.

मॅनिफोल्ड हातात घेऊन त्यांनी पहिल्यांदा आत बोट फिरवलं. मग माझ्याकडे बघून विचारलं, “ताई, आतून धुतलाय ना? मागच्या वर्षी एकानं असाच आणला होता, आत चुरा होता.” त्या एका प्रश्नासाठी मी त्यांना पाच तारे देते. मी त्यांना माझा तपासणीचा कागद दाखवला. त्यांनी तो वाचला, नुसता चाळला नाही, आणि गाडीच्या फाइलला लावला.

जुना मॅनिफोल्ड काढताना मी समोर होते. या इंजिनात टर्बो मागे, बॉनेट आणि केबिनच्या मधल्या भिंतीकडे, आणि मॅनिफोल्ड पुढे, म्हणून हात पोहोचतो. तरी थ्रॉटल बॉडी खालच्या अंगाला असल्यानं गाडी वर घ्यावी लागते. इंधनाची लाईन उघडण्याआधी त्यांनी दाब उतरवला आणि पोराला दटावलं, “चष्मा लाव आधी. हे स्कूटरचं पेट्रोल नाय.” थेट इंजेक्शनच्या रेलमध्ये (इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीत) शंभर बारपेक्षा जास्त दाब असतो, ते दटावणं योग्यच होतं. मॅनिफोल्ड ओढताना दोन इंजेक्टर इंजिनाच्या हेडमध्येच राहिले, दोन बरोबर आले. दादांनी चारही काढले आणि चारहींच्या टेफ्लॉन रिंगा बदलल्या. “दोन हलले म्हणजे चारही हलले असं धरायचं.” रिंग चढवायला त्यांच्याकडे स्वतः लेथवर काढलेला निमुळता शंकू आहे. रिंग त्यावरून सरकवायची, मग छोट्या नळीनं दाबून पुन्हा आकसवायची. नखानं किंवा पेचकसानं चढवलेली रिंग ओरखडते आणि महिन्यात गळते.

हेडमधली तोंडं उघडी पडली तेव्हा आजाराचं खरं मूळ दिसलं. इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर तळलेल्या मसाल्यासारखा जाड काळा थर. थेट इंजेक्शनच्या इंजिनात पेट्रोल व्हॉल्व्हच्या पाठीवरून वाहत नाही, सरळ सिलिंडरमध्ये जातं. त्यामुळे क्रँककेसमधून (इंजिनाच्या खालच्या पोटातून) येणारी ऑइलची वाफ तिथे भाजत राहते आणि धुऊन काढणारं काही नसतं. पेट्रोलमध्ये टाकायच्या कुठल्याही बाटलीनं हा थर निघत नाही, कारण ते पेट्रोल तिथे पोहोचतच नाही. उपाय एकच, मॅनिफोल्ड काढून अक्रोडाच्या टरफलाचा भरडा दाबानं मारायचा. अक्रोडाचं टरफल काजळी उडवण्याइतकं कठीण आणि धातू ओरखडण्याइतकं कठीण नाही.

दादांनी क्रँक हातानं फिरवून आधी १ नंबरचे व्हॉल्व्ह बंद केले, भरडा मारला, व्हॅक्यूमनं ओढला, मग ३, मग ४, मग २. फायरिंगच्या क्रमानं. उघड्या व्हॉल्व्हवर भरडा मारला तर तो सिलिंडरमध्ये जातो, म्हणून ही घाई करायची गोष्टच नव्हे. तीन सिलिंडर झाले आणि वीज गेली. गुरुवार होता, देखभालीसाठी वीज बंद ठेवायचा वार. कंप्रेसर बंद. संध्याकाळी साडेपाचला वीज आली तेव्हा दादा म्हणाले, “आता उजेड नाय, आत काय राहिलं ते मला दिसणार नाय. उद्या.” मला शुक्रवारी कामावर जायचं होतं, गाडी त्यांच्याकडे ठेवून बसनं परत गेले. तीन दिवसांचं काम आठ दिवसांवर गेलं. ठरलेली तारीख पाळली नाही आणि उशीर होतोय हे मला फोन करून कळवलं नाही, ही त्यांच्याबद्दलची एकमेव तक्रार. ती मी त्यांच्या तोंडावर केली आणि त्यांनी मान्य केली.

बसवण्याच्या दिवशी आधी गॅस्केटशिवाय कोरडं लावून बघितलं. रेल ताण न देता बसते का, डिपस्टिकची नळी अडते का, वायरिंग कुठे घासतं. फ्लँज ०.२० नं पातळ झाला होता म्हणून मला रेलचीच धास्ती होती, पण इंजेक्टर सरळ बसले. काही जण उष्णता अडवायला मध्ये हायलमची (उष्णता न वाहणाऱ्या कडक पत्र्याची) चकती घालतात. मी विचारलं होतं. दादांनी नकार दिला: या इंजिनात रेल आणि मॅनिफोल्ड एकमेकांना इतके लगटून आहेत की मध्ये तीन मिलिमीटर घातले की सगळी मापं सरकतात. मग नवं गॅस्केट, बोल्ट मधून बाहेरच्या दिशेनं, दोन फेऱ्यांत, टॉर्क रेंचनं ९ न्यूटन-मीटर. ॲल्युमिनियममधले एम६ चे आटे, अंदाजानं आवळणाऱ्याच्या हातात टिकत नाहीत.

त्यानंतर गळती तपासली. पीव्हीसीच्या बुचात ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवलेला त्यांचा जुगाड टर्बोच्या तोंडाला क्लॅम्पनं लावला, हळूहळू १ बारपर्यंत हवा भरली आणि साबणाचं पाणी ब्रशनं लावलं. थ्रॉटल बॉडीच्या खालच्या कोपऱ्यात फेस आला. सील चिमटली गेली होती. काढून नवी टाकली, पुन्हा हवा, पुन्हा साबण. या वेळी काटा हलला नाही. ही चाचणी केली नसती तर गाडी चाललीच असती, फक्त कायम थोडी आजारी चालली असती आणि आम्ही महिनाभर सेन्सर बदलत बसलो असतो.

सॉफ्टवेअर हा यातला न टाळता येणारा खर्च. फ्लॅप नाहीत हे ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या संगणकाला, सांगावंच लागतं, नाहीतर पी२०१५ जन्मभर. एक ट्यूनर लॅपटॉप घेऊन गॅरेजमध्येच आला. बूस्ट, म्हणजे टर्बोचा दाब, वाढवू का, असं त्यानं दोनदा विचारलं. मी नको म्हटलं.

व्हीसीडीएस (गाडीच्या सेन्सरांचे आकडे वाचणारं सॉफ्टवेअर) लावून इंजिन बंद, चावी चालू अशा स्थितीत दाबाचे आकडे बघितले. पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे, त्यामुळे इथे हवेचा दाब ९५० मिलिबारच्या आसपास दिसायला हवा. ९४८ दिसला. ज्याचा सेन्सर पुण्यात उभ्या गाडीत १०१३ दाखवतो, त्यानं आधी सेन्सर तपासावा. फ्युएल ट्रिम, म्हणजे संगणकानं पेट्रोलात केलेली कमी-जास्त, आधी अधिक ९ टक्क्यांवर होता, म्हणजे कुठूनतरी न मोजलेली हवा आत शिरत होती. आता १.५ ते २.५ मध्ये राहतो. मिसफायरचा काउंटर चारही सिलिंडरांना शून्य.

रस्त्यावर काय फरक पडला? खेड-शिवापूरच्या पुढे, कापूरहोळवरून भोरच्या दिशेनं पहिल्यांदा नेली, बाबा शेजारी होते. २००० ते ४०००, जिथे गाडी आपण रोज चालवतो, तिथे ती पुन्हा जुन्यासारखी गुळगुळीत ओढायला लागली. बाबा म्हणाले, “ही आपली गाडी.” पण प्रामाणिकपणे सांगते, यातलं बहुतेक श्रेय अक्रोडाच्या भरड्याला आणि बंद झालेल्या गळतीला आहे. मॅनिफोल्डचा स्वतःचा फरक मला फक्त ५००० च्या वर जाणवतो, तिथे गाडी आधीसारखी मलूल होत नाही. आणि १५०० ला, अगदी तळाला, पूर्वीपेक्षा किंचित आळस आलाय. आखूड नळ्यांचं हे देणं आहे.

उष्णतेबद्दल माझी खरी नाराजी आहे. काचतंतू घातलेल्या नायलॉनपेक्षा ॲल्युमिनियम शेकडो पटींनी जास्त उष्णता वाहून नेतं. मे महिन्यात नवले पुलाखाली २० मिनिटं अडकले होते, तेव्हा आत जाणाऱ्या हवेचं तापमान ६१ अंश दिसलं. जुन्या प्लॅस्टिकच्या मॅनिफोल्डवर अशाच गर्दीत मी ५० ते ५२ बघितलेलं आहे. गाडी धावायला लागली की तीन-चार मिनिटांत खाली येतं, पण शहरातच चालवणाऱ्याला हा तोटा रोजचा.

दुसरा तोटा थंडीतला. डिसेंबरमध्ये सकाळी ११ अंशांना चालू केली की पहिलं मिनिटभर धुराला पेट्रोलचा वास येतो आणि स्टिअरिंगमध्ये बारीक थरथर असते. फ्लॅप ज्या कामासाठी होते ते काम आता कुणी करत नाही, त्याचाच हा वास. पीयूसी गरम इंजिनावर होते आणि गाडी त्यात उत्तीर्ण झाली, पण म्हणून सकाळचा तो एक मिनिट स्वच्छ ठरत नाही. मी आता सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी उभी ठेवून गरम करत नाही, चालू केली की हळू बाहेर काढते.

कायद्याचंही बघून घ्या. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ प्रमाणे नोंदणी पुस्तकातला तपशील आणि उत्पादकाची मूळ रचना यांत फरक पडेल असा बदल करता येत नाही. मी विमा कंपनीला काय बदललंय ते लेखी कळवलं आणि पोच ठेवली आहे. गाडी २०२६ मध्ये १५ वर्षांची होते, पुनर्नोंदणीला जायची आहे, म्हणून मूळ मॅनिफोल्ड मी टाकलेला नाही. धुऊन, गुंडाळून माळ्यावर ठेवलाय.

पैसे: मॅनिफोल्ड ४८,५००. आयात शुल्क आणि कुरिअर १४,२००. मिलिंग १,८००, इंप्रेग्नेशन १,२००. गॅस्केट, टेफ्लॉन रिंगा, सील, कूलंट मिळून ९,४००. अक्रोडाची सफाई ७,५००, मजुरी ११,०००, सॉफ्टवेअर २२,०००. एकूण १,१५,६००. माझे स्वतःचे तपासणीचे तास यात नाहीत. तुमची तक्रार फक्त पी२०१५ ची असेल आणि टर्बो कंपनीचाच असेल, तर एवढ्या पैशांत तसाच नवा प्लॅस्टिकचा मॅनिफोल्ड, सफाई, रिंगा आणि मजुरी सगळं बसून वर बरेच उरतील. मला पुन्हा निवडायचं झालं तर मी तेच करेन. ही वस्तू मी त्यांनाच सुचवेन ज्यांनी मोठ्या टर्बोचं काम आधीच ठरवलंय आणि जे वस्तू आल्यावर आत फडकं ओढून बघणार आहेत.

गॅरेजबद्दल मात्र माझ्या मनात काहीही किंतु नाही. १,००० किलोमीटरनंतर दादांनी स्वतः आठवण करून गाडी परत बोलावली आणि थंड इंजिनावर सगळे बोल्ट टॉर्क रेंचनं पुन्हा तपासले. एक बोल्ट थोडासा फिरला. पैसे घेतले नाहीत. आठ महिने आणि ९,३०० किलोमीटर झालेत. मागच्या गुरुवारी थ्रॉटल बॉडी काढून बोरस्कोपनं पुन्हा आत बघितलं: नळी क्रमांक ३ च्या वळणात ऑइलचा पातळ तवंग आहे, बाकी काही नाही.